श्मशान, मसण, मसणवटा: शब्द जाळण्याच्या जागेचा की पुरण्याच्या?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गावाच्या इतिहासाची पुस्तिका तयार होते आहे. ओढ्यापलीकडच्या एका जागेला जुनी माणसे 'मसणवटा' म्हणतात. पण तिथे चितेचा कट्टा नाही, आहेत त्या समाध्या, थडगी आणि नुसतेच दगडांचे ढीग. मग हा शब्द तिथे चुकून चिकटला का? 'मसण' म्हणजे 'श्मशाना'चा बिघडलेला उच्चार का? 'शव अधिक शयन' अशी फोड सांगतात ती खरी मानावी का? आणि छापताना 'स्मशान' लिहावे की 'श्मशान'?

मी संस्कृत-प्राकृत शिकवण्यात आणि कोशांच्या कामात बराच काळ घालवला आहे, म्हणून उत्तर जरा लांबवतो. शब्द चुकून चिकटलेला नाही. उलट तुमच्या गावातले म्हातारे तो शब्द त्याच्या जुन्या अर्थाच्या जास्त जवळ राहून वापरत आहेत. 'श्मशान' या शब्दात कुठेही अग्नी नाही. जाळणे हा अर्थ त्याला पुढे सवयीने जडला.

सर्वांत जुन्या ठिकाणापासून सुरुवात करू. ऋग्वेदात 'श्मशान' हा शब्दच येत नाही. दफनाचे वर्णन मात्र आहे, तेही फार सुंदर. दहाव्या मंडलातल्या अठराव्या सूक्तात मृताला सांगितले आहे, 'उप सर्प मातरं भूमिम्', या भूमातेकडे जा. लगेच पृथ्वीला विनवले आहे की, आई पदराने लेकराला झाकते तसे याला झाक, पण दडपू नकोस. सातव्या मंडलात वरुणाची करुणा भाकणारा ऋषी म्हणतो की मला इतक्यात 'मृन्मय गृहात', मातीच्या घरात, जायचे नाही. आणि पितरांच्या सूक्तात 'अग्निदग्ध' आणि 'अनग्निदग्ध' असे दोन्ही प्रकारचे पितर एका ओळीत बोलावले आहेत. म्हणजे जाळणे आणि पुरणे या दोन्ही रीती तेव्हा नांदत होत्या.

'श्मशान' आपल्याला भेटतो अथर्ववेदात, आणि भेटतो तो करणीच्या संदर्भात. शत्रूने केलेली कृत्या विहिरीत टाकली असेल 'श्मशाने वा निचख्नुः', किंवा श्मशानात पुरली असेल, तर ती उलटवण्याचा मंत्र आहे. लिंबू-मिरच्यांचा उतारा पुरणाऱ्याला जागा तीच लागते, तीन हजार वर्षे झाली तरी.

यजुर्वेदाच्या परंपरेत याहून महत्त्वाचा पुरावा आहे. अग्निचयनात, म्हणजे विटांची वेदी रचण्याच्या यज्ञविधीत, वेदीचे वेगवेगळे आकार सांगितले आहेत: श्येनाचा म्हणजे ससाण्याचा, रथचक्राचा वगैरे. त्यांत एक 'श्मशानचिति' आहे. यजुर्वेदाची तैत्तिरीय संहिता सांगते की पितृलोकात भरभराट हवी असेल त्याने श्मशानाच्या आकाराची वेदी रचावी. आता विचार करा, मोकळ्या मैदानाला आकार नसतो. वेदीला ज्याचा आकार द्यायचा ती वस्तू बांधलेली, रचलेली असली पाहिजे. श्मशान म्हणजे मुळात एक रचना होती, मृताच्या अवशेषांवर घातलेला मातीचा उंचवटा.

ही रचना कशी करायची याचे वर्णन शतपथ ब्राह्मण या यजुर्वेदाच्या यज्ञविधी सांगणाऱ्या ग्रंथाच्या तेराव्या कांडात, आठव्या अध्यायात मिळते. ते फार तपशीलवार आहे. ज्याला या विषयावर काही लिहायचे आहे त्याने तो अध्याय वाचलाच पाहिजे. तिथे सांगितले आहे की श्मशान घाईने करू नये, नाहीतर मृताचे पाप ताजे होईल. बराच काळ जाऊ द्यावा, किती वर्षे झाली हे लोकांच्या आठवणीतही उरू नये इतका. जागा गावातून दिसणारी नसावी, कारण दिसली की ती खुणावते आणि घरातला आणखी कोणी मागोमाग जातो. गोळा केलेल्या अस्थी अवयवांच्या क्रमाने मांडायच्या आणि वर माती रचायची. उंचीचेही माप आहे: क्षत्रियासाठी हात वर केलेल्या माणसाएवढी, ब्राह्मणासाठी तोंडापर्यंत, स्त्रीसाठी कमरेपर्यंत, वैश्यासाठी मांडीपर्यंत, शूद्रासाठी गुडघ्यापर्यंत. वर्णव्यवस्था मेल्यावरही पाठ सोडत नाही ती अशी. पण लगेच पुढे ग्रंथ स्वतःच म्हणतो की गुडघ्याखालीच ठेवावे हे बरे. शेवटी सीमेवरचे ढेकूळ आणून गाव आणि श्मशान यांच्या मधोमध ठेवायचे, जिवंतांसाठी कुंपण म्हणून.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, नाहीतर दुसऱ्या टोकाची चूक होईल. शतपथातला विधी अस्थींचा आहे, अख्ख्या प्रेताचा नाही. म्हणजे त्यापूर्वी दहन झालेले असू शकते. पण ते जिथे झाले त्या जागेचे नाव श्मशान नव्हे. उरलेल्या अस्थी ठेवून वर जे उभारले, ते श्मशान.

आता व्युत्पत्ती. तुम्ही दिलेली 'शव अधिक शयन' ही फोड कोणी गावगप्पांत रचलेली नाही, ती चांगली प्रतिष्ठित आहे. पाणिनीच्या 'पृषोदरादीनि यथोपदिष्टम्' या सूत्रावर काशिका वृत्ती, म्हणजे पाणिनीच्या व्याकरणावरची जुनी टीका, 'शवानां शयनं श्मशानम्' असे उदाहरण देते आणि सांगते की शवच्या जागी 'श्म' आला आणि शयनच्या जागी 'शान'. फक्त हे सूत्र कशासाठी आहे ते पाहा. जे शब्द नियमांत बसत नाहीत पण शिष्ट लोक वापरतात, ते जसेच्या तसे मान्य करा, असे ते सूत्र सांगते. म्हणजे व्याकरणकारांनी इथे हात टेकले आहेत, फक्त सभ्यपणे. याच यादीत 'पिशाच' आहे, 'मयूर' आहे. आणि मयूरची फोड तिथे 'मह्यां रौति', जमिनीवर ओरडतो तो, अशी आहे. ती ज्यांना पटते त्यांना श्मशानचीही पटावी.

स्कंदपुराणाच्या काशीखंडाने हीच फोड उचलून काशीचे माहात्म्य उभे केले. 'श्म' म्हणजे शव, 'शान' म्हणजे शयन, आणि प्रलयात महाभूतेसुद्धा इथे शव होऊन झोपतात, म्हणून काशी ही 'महाश्मशान'. काव्य म्हणून हे जबरदस्त आहे. शब्दाचा इतिहास म्हणून त्याचा उपयोग नाही.

शतपथाची स्वतःची फोड वेगळीच आहे. ते म्हणते 'शवान्न', मृतासाठी केलेले अन्न. त्यालाच आडवळणाने श्मशान म्हणतात. वर आणखी एक जोड, की पितरांमध्ये 'श्मशा' नावाचे भक्षक असतात. ब्राह्मणग्रंथांची ही जुनी खोड आहे. ध्वनी जुळला की अर्थ जुळवायचा. तिला आजच्या अर्थाने व्युत्पत्ती म्हणणे त्यांच्यावरही अन्याय आहे.

मला स्वतःला सर्वांत विचार करण्यासारखी वाटते ती वैदिक शब्दांची फोड सांगणाऱ्या यास्काची. त्याच्या निरुक्त या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात तो लिहितो, 'श्मशानं श्मशयनम्। श्म शरीरम्।' शरीर जिथे झोपते ते. लगेच पुढे तो 'श्मश्रु' हा शब्दही त्याच 'श्म'वरून लावतो: शरीराच्या आश्रयाने राहणारे केस, म्हणजे दाढीमिशा. मुळात यास्क तिथे 'गर्त' या शब्दाचे अर्थ सांगतो आहे, आणि म्हणतो की 'श्मशानसंचया'लाही गर्त म्हणतात. संचय म्हणजे ढीग, रचलेली रास. यास्काच्या काळीही श्मशान हे रचण्याचे प्रकरण होते, याला हा आडून आलेला साक्षीदार. असा साक्षीदार मला थेट व्याख्येपेक्षा जास्त विश्वासू वाटतो, कारण तो काही सिद्ध करायला उभा नसतो.

आधुनिक भाषाशास्त्रज्ञांनी 'अश्मन्', म्हणजे दगड, याच्याशी 'श्म'चा संबंध लावून 'दगडी शय्या' असा अर्थ सुचवला आहे. दगडांची वर्तुळे, दगडांचे ढीग डोळ्यांपुढे आणले की तो मोहक वाटतो. पण त्यावर एकमत नाही. दुसऱ्या भागात 'शी', म्हणजे झोपणे, हा धातू असावा एवढे बहुतेकांना चालते. पहिल्या 'श्म'चे कोडे सुटलेले नाही. तुमच्या पुस्तिकेत 'श्मशान या शब्दाची निर्विवाद व्युत्पत्ती उपलब्ध नाही' एवढे एक वाक्य लिहा. कोणी हसणार नाही.

आता 'मसण'. 'अपभ्रंश' हा शब्द आपण फार सैल वापरतो, जणू अडाण्यांनी शुद्ध शब्द चावून टाकला. प्रत्यक्षात तो काटेकोर नियमाने आला आहे. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात त्यासाठी स्वतंत्र सूत्रच दिले आहे: 'आदेः श्मश्रुश्मशाने'. या दोन शब्दांत आरंभीचे व्यंजन गळते. म्हणून श्मशानचे 'मसाण' आणि श्मश्रूचे 'मासू, मंसू, मस्सू'. आपली मिशीही त्याच श्मश्रूच्या कुळातली. म्हणजे यास्काने ज्या दोन शब्दांना एका मुळाशी बांधले, तेच दोन शब्द हेमचंद्राला एका सूत्रात घ्यावे लागले, आणि मराठीत आज मसण आणि मिशी दोघेही आपापला पहिला 'श' गमावून बसले आहेत. एकाला मूळ शोधायचे होते, दुसऱ्याला उच्चार नोंदवायचा होता, तरी वाटेत ते भेटले.

याच सूत्राखाली हेमचंद्र सांगतो की आर्ष प्राकृतात, म्हणजे जैन आगमांच्या जुन्या भाषेत, 'सीआण' आणि 'सुसाण' अशीही रूपे आहेत. पालीतले रूप 'सुसान'. तिथून हा शब्द बौद्ध धर्माबरोबर समुद्रापार गेला आणि तिकडे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. सिंहलीत त्याचे 'सोहोन' झाले, अर्थ थडगे. थाई भाषेत 'सुसान' म्हणजे दफनभूमी. पालीतले सुसान तर पुष्कळदा प्रेते नुसती टाकून देण्याची जागा असते. भिक्षूंनी तिथे बसून कुजणाऱ्या देहाचे निरीक्षण करावे असे सतिपट्ठान सुत्त या बौद्ध सूत्रात सांगितले आहे. टाकणे, पुरणे, जाळणे, तिन्हीला शब्द चालला. जिथे जी रीत, तिथे तो अर्थ.

इकडे मुख्य भूमीवर 'मसाण'ची शाखा पसरली. हिंदीत मसान, गुजरातीत मसाण, कन्नडमध्ये मसण. तमिळमधले 'मयानम्' हेही तिकडूनच गेलेले. मराठीत 'मसण' आणि त्याला जागादर्शक शेपूट लागून 'मसणवट, मसणवटी, मसणवटा'. मराठवाड्यात फिरणाऱ्या मसणजोग्यांच्या नावात तो आहेच. आणि शिव्यांत तर तो ठणठणीत आहे: 'मसणात जा', 'कुठे मसणात गेला होतास?' वय झालेला माणूस स्वतःबद्दल म्हणतो, 'आमच्या गोवऱ्या मसणात गेल्या.' या शेवटच्या वाक्प्रचारात गोवऱ्या आहेत, म्हणजे जाळणे आहे. शब्दाचा अर्थ दहनाकडे किती झुकला याची ती खूण.

पण आता उलट बाजूही ऐका, कारण ती तुम्हाला पुस्तिकेत वापरता येईल. आपल्या खेड्यांत कोणाच्या अंत्यविधीला गेलेला माणूस काय म्हणतो? 'मातीला गेलो होतो.' 'माती कधी आहे?' 'माती सकाळीच झाली.' मृत माणसाला डोळ्यांदेखत चितेवर ठेवलेले असते, तरी शब्द मातीचा. 'मूठमाती देणे' हा वाक्प्रचार शहरातही तसाच वापरतात, आणि आता तर रूढींना, योजनांना, वादांनासुद्धा मूठमाती देतात. पुरण्याची रीत जिथे मागे पडली तिथेही तिचे शब्द मागे राहिले. 'श्मशान' हा रचण्या-पुरण्याचा शब्द जाळण्याला दिला गेला, आणि 'माती' हा पुरण्याचा शब्द जाळणाऱ्यांच्या तोंडी राहिला, ही एकाच जातीची घडामोड आहे.

महाराष्ट्रात दफन कधी थांबलेलेही नाही. लिंगायत, नाथपंथी, गोसावी यांची रीत पुरण्याची, संन्याशाला समाधी, अनेक दलित आणि आदिवासी जमातींत पूर्वापार दफन. दोन वर्षांखालच्या मुलाला जाळू नये असे मनुस्मृतीही सांगते, आणि सगळ्या जातींत लहान मुले पुरलीच जातात. म्हणून खेड्यातल्या जुन्या मसणवट्यात एका कडेला चितेची काळी जमीन आणि दुसऱ्या कडेला मातीचे उंचवटे असणे ही नेहमीची गोष्ट. तुमच्याकडे चितेचा भाग कदाचित नदीकाठी हलला असेल आणि उरलेल्याला जुने नाव राहिले असेल. किंवा ती जागा पहिल्यापासून पुरणाऱ्या समाजांचीच असेल. हे शब्द सांगणार नाही. तलाठ्याकडचे जुने नकाशे आणि गावातली वयस्क माणसे सांगतील.

दगडांच्या ढिगांबद्दल मात्र सावधगिरीचे दोन शब्द. शतपथात एक प्रसिद्ध वाक्य आहे की देवांना मानणारे लोक चौकोनी श्मशाने करतात, आणि आसुर, प्राच्य म्हणजे पूर्वेकडचे लोक, वगैरे गोल करतात. हे वाचले की आपल्याकडच्या उत्साही मंडळींना लगेच विदर्भातली शिलावर्तुळे, म्हणजे दगडांची वर्तुळे रचलेली महापाषाणयुगीन दफने, आठवतात. नागपूरजवळ जुनापाणीला अशी वर्तुळे मोठ्या संख्येने आहेत. १८७९ साली रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने तिथे उत्खनन केले. पुढे टाकळघाट-खापा, माहुरझरी, नैकुंद इथे खोदकामे झाली. माहुरझरीला माणसांबरोबर घोडेही पुरलेले मिळाले, तांब्याच्या दागिन्यांसह. काळही साधारण इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकाचा. सगळे जुळते असे वाटते. पण शतपथ 'पूर्वेकडचे' म्हणते, आणि ते ज्या प्रदेशात रचले गेले तिथून विदर्भ दक्षिणेला पडतो. गोल आणि पूर्वेचे म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर बिहार आणि त्याच्या आसपासचे स्तूप येतात. स्तूप हाही शेवटी अस्थींवरचा गोल उंचवटाच.

या मोहात मोठी माणसेही पडली आहेत. बिहारमधल्या लौरिया नंदनगढला मातीची मोठी टेकाडे आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्लॉख नावाच्या पुरातत्त्ववेत्त्याने त्यांतले काही खोदले, आत लाकडी खांबाची खूण आणि सोन्याच्या पत्र्यावरची स्त्रीप्रतिमा मिळाली, आणि त्याने जाहीर केले की ही वैदिक श्मशाने. ऋग्वेदात दफनाच्या जागी खांब आहे, सोन्याची प्रतिमा म्हणजे पृथ्वीमाता, झाले काम. पुढे १९३५-३६ मध्ये मजुमदारांनी पुन्हा खोदले तेव्हा ते बौद्ध स्तूप ठरले. पोथी हातात धरून खोदले की पोथीतलेच सापडते, याचे हे उदाहरण मी दर वर्गात देतो.

आणि महाराष्ट्रातले सर्वांत बोलके जुने दफन तर वर्तुळातही नाही. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला १९६८ ते १९८३ या काळात ताम्रपाषाणयुगीन वस्तीचे उत्खनन झाले. तिथे मुलांना दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून, घराच्याच जमिनीखाली पुरत. मोठ्यांनाही घरात किंवा अंगणात पुरत, पण पुष्कळांची पावले घोट्यापासून तोडलेली. एका माणसाला चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवून पुरले होते. या लोकांची भाषा आपल्यापर्यंत पोचलेली नाही. त्यांना 'गावातून दिसू नये अशी जागा' हा नियम मात्र नक्कीच मान्य नव्हता, म्हणून त्यांच्या दफनांना 'श्मशान' म्हणणे मला खटकते.

शब्दांच्या याच पोतडीतला एक विस्मृतीत गेलेला शब्द सांगतो, पुस्तिकेत चौकट करायला चांगला आहे: 'एडूक'. अमरकोशात श्मशानाला 'पितृवन' हा पर्याय दिला आहे, तो नाटकांमुळे काहींना माहीत असतो. एडूक मात्र भिंतींच्या शब्दांत दडला आहे: 'कुड्यमेडूकं यदन्तर्न्यस्तकीकसम्', जिच्या आत हाडे ठेवली आहेत अशी भिंत. महाभारताच्या वनपर्वात कलियुगाचे वर्णन करताना म्हटले आहे की लोक देव सोडून एडूक पुजतील, पृथ्वीवर देवळांऐवजी एडूकच दिसतील. रोख स्तूपांवर आहे हे उघड आहे. हाडांवर बांधलेल्याला पूजू नये, असे म्हणणाऱ्या समाजाने पुढे गावोगाव समाध्यांचे उत्सव भरवले, हे आपल्या सर्वांना ठाऊक आहेच.

अर्थ असा उलटा फिरण्याचे आणखी एक उदाहरण मुंबईतच आहे. मलबार हिलच्या डुंगरवाडीवर पारशांचे दखमे आहेत, जिथे देह गिधाडांसाठी उघड्यावर ठेवत. पण पारशांच्याच वेंदिदाद या धर्मग्रंथात 'दख्म' म्हणजे प्रेत पुरून वर बांधलेले ठिकाण, आणि ते जमीनदोस्त करणे पुण्याचे मानले आहे. निषिद्ध रचनेचे नाव पुढे विहित रचनेला मिळाले. मुंबईचेच 'सोनापूर' घ्या. मरीन लाइन्सच्या बाजूच्या दहन-दफनाच्या पट्ट्याचे ते जुने नाव. सोन्याचे नगर म्हणा की हिंदीतल्या 'सोना' या क्रियापदावरून झोपेचे गाव म्हणा. मृत्यूच्या जागेचे नाव लोक सरळ घेत नाहीत, म्हणून आज पालिकांच्या पाट्यांवर वैकुंठ, अमरधाम, मोक्षधाम असते. 'मसणवटा' हे नाव पाटीवर लावण्याची हिंमत कोणाची नाही, तुमच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी मात्र ते टिकले, म्हणून ते पुस्तिकेत जसेच्या तसे छापा, कंसात 'श्मशानभूमी' वगैरे न जोडता.

शुद्धलेखनाचे उत्तर सोपे आहे. मराठी मजकुरात 'स्मशान' लिहा; मराठीत तेच रूप रूढ आहे. संस्कृत वचन देत असाल तर तिथे 'श्मशान'च हवे. मी या उत्तरात सगळीकडे 'श्मशान' लिहिले ते संस्कृत शब्दाबद्दल बोलत होतो म्हणून. आणि त्या जागेतल्या दगडांच्या ढिगांना पुस्तिकेत 'महापाषाणयुगीन' म्हणण्याआधी पुरातत्त्व विभागाच्या कोणा जाणकाराला एकदा दाखवा. तोवर कोणालाही ते उकरू देऊ नका. गुप्तधनवाले अशा पुस्तिका बारकाईने वाचतात.